जमिनीखालचें शिवार

डिसेंबर महिन्यांत धाराशिव तालुक्यांतील बेंबळीच्या शिवारांत उभें राहिलें असतां एक कोडें दृष्टीस पडतें. परतीचा पाऊस जाऊन दोन महिने झालेले असतात. आकाश निरभ्र असतें. काळ्या जमिनीला भेगा पडूं लागलेल्या असतात, आणि कांहीं भेगा इतक्या रुंद कीं त्यांत हाताचीं बोटें सहज जावींत. पायाखालचें ढेकूळ उचलून चुरावें, तर ओलीचा मागमूसहि लागत नाहीं. आणि याच जमिनींत, विहिरीच्या वा कालव्याच्या पाण्याचा एक थेंबहि न घेतां, पुरुषभर उंचीची शाळूची ज्वारी हिरवीगार उभी असते. पोटरीतून कणसें बाहेर पडत असतात. जूनमध्यें पेरलेलें पीक पावसावर वाढतें, हें कोणालाहि समजतें. पाऊस संपतां संपतां पेरलेलें पीक कशावर वाढतें?

या प्रश्नाचें उत्तर जमिनीच्या वर कोठेंहि सांपडत नाहीं. जें शिवार डोळ्यांना दिसतें, त्याच्या खालीं तितकेंच दाट दुसरें एक शिवार असतें. तें मुळांचें. बेंबळीची ज्वारी पिकते कीं वाळते, याचा निकाल वरच्या शिवारांत लागत नाहीं. तो खालच्या शिवारांत लागतो.

शहरांतील घरांत मुळांची ओळख होते ती बहुधा स्वयंपाकघरांत. मुळा, गाजर, बीट आणि उपासाचें रताळें हीं खरींच मुळें होत. बटाटा, आलें आणि हळद हीं जमिनीखालीं वाढत असलीं तरी मुळें नव्हत. तीं खोडें आहेत, कारण त्यांवर पेरीं आणि डोळे असतात. उन्हाळ्यांत माठाच्या पाण्यांत टाकला जाणारा वाळा हें मात्र मूळच. परंतु हीं सारीं मुळांचीं सांठवणीचीं किंवा सुवासाचीं रूपें झालीं. मुळांचें नित्याचें काम यांहून निराळें आहे, आणि तें कोरडवाहू गांवांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें बागेंत दिसत नाहीं. बागेंत माणूस पाणी मुळांपाशीं नेतो; कोरडवाहू शेतांत मुळांना पाण्याकडे जावें लागतें.

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या पावसावर होते. पेरण्यापूर्वी जाणता शेतकरी शेतांत बसून बोटांनीं माती उकरतो आणि ओल किती खालीं आहे तें पाहतो. “लागली रे ओल हाताला, आतां धर तिफण,” असें त्यानें मुलाला सांगितलें कीं पेरणी सुरू होते. बी ओलीवर पडलें पाहिजे, हा त्यांतला मुख्य नियम. ओलीवर पडलेलें बी फुगतें, आणि त्यांतून प्रथम बाहेर येतें तें मूळ. कोंब मागाहून येतो. वनस्पतीच्या संसारांत पाण्याची तजवीज आधीं आणि उजेडाची मागून, असा हा क्रम आहे.

बी तिफणींतून उलटें पडो वा सुलटें, मूळ खालींच वळतें. हें कां घडतें, याचा पहिला पक्का पुरावा टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज संशोधकानें १८०६ सालीं प्रसिद्ध केला. त्यानें पाण्याच्या प्रवाहावर फिरणाऱ्या चाकाला भिजलेलें बियाणें बांधलें. चाक वेगानें उभें फिरत राहिलें, तेव्हां मुळें चाकाच्या बाहेरच्या दिशेनें आणि कोंब चाकाच्या मध्याकडे वाढले. म्हणजे मुळाला “खालीं” ही दिशा ठाऊक नसते. त्याला ओढीची जाणीव असते, आणि पृथ्वीची ओढ खालीं असते म्हणून तें खालीं जातें. पुढें १८८० सालीं चार्ल्स डार्विन यानें आपला मुलगा फ्रान्सिस याच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं, ही जाणीव मुळाच्या अगदीं टोकाशीं असते. टोक छाटलें कीं मूळ वळावयाचें विसरतें. त्या टोकावरील पेशींत पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवें झालें कीं ते कण पेशीच्या नव्या तळाशीं घरंगळतात, आणि मुळाला वळण्याचा इशारा मिळतो.

हें टोक तांदळाच्या दाण्याहूनहि लहान असतें, पण त्याची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. अगदीं पुढें एक टोपी असते. शिवणकाम करणारी स्त्री बोटाला सुई लागूं नये म्हणून अंगुस्तान घालते, तशी ही टोपी मुळाच्या कोंवळ्या अग्राचें मातीच्या खरखरीत कणांपासून रक्षण करते. तिच्या बाहेरच्या पेशी सतत झिजून गळतात, बुळबुळीत होतात, आणि त्या बुळबुळीतपणामुळें मुळाची वाट सोपी होते. टोपीच्या लगेच मागें नव्या पेशी जन्मणारा भाग असतो, आणि त्याच्या मागें त्या पेशी लांबट होणारा भाग. मूळ पुढें सरकतें तें या लांबट होणाऱ्या पेशींच्या रेट्यानें. म्हणून मुळाची सारी वाढ टोकाजवळच्या थोड्याशा जागेंत होते. मागें राहिलेला भाग पुन्हां लांबत नाहीं, तो फक्त वाट धरून ठेवतो.

लांबट होणाऱ्या भागाच्या मागें मुळावर पांढरी लव दिसते. ते मूलरोम. प्रत्येक रोम म्हणजे मुळाच्या कातडीच्या एकाच पेशीचा बाहेर आलेला फांटा. त्याची लांबी बहुधा मिलिमीटरभर, आणि आयुष्य थोड्या दिवसांचें. पण पाणी शोषण्याचें काम मोठ्या प्रमाणांत याच लवेवर अवलंबून असतें, कारण मातीच्या दोन कणांमधील अरुंद फटींत जें पाणी अडकलेलें असतें, तेथपर्यंत जाड मूळ पोंचत नाहीं, रोम पोंचतो. रोप उपटून दुसरीकडे लावलें कीं तें कांहीं दिवस मान टाकतें, याचें कारण हेंच. मुळें शाबूत दिसतात, पण लव मातींतच तुटून राहिलेली असते.

ही लव किती असते? अमेरिकेंतील डिट्मर या संशोधकानें १९३७ सालीं राय या गव्हासारख्या धान्याचें एकच रोप पेटींत चार महिने वाढवून त्याच्या मुळांचा हिशेब केला. मुळांची एकूण लांबी ६२० किलोमीटरांवर भरली. धाराशिवहून निघून मुंबई गांठावी आणि परतीची निम्मी वाट चालावी, इतकी ती होते. मूलरोमांची संख्या १,४०० कोटींच्या घरांत गेली, आणि त्यांची एकत्र लांबी १०,००० किलोमीटरांहून अधिक झाली. ज्वारीचें ताट राय नव्हे, हें खरें. तरी तृणवर्गांतील एका रोपाचा जमिनीखालचा विस्तार कोणत्या मापानें मोजावयाचा, याची कल्पना या आंकड्यांवरून येते.

मूलरोमांनीं घेतलेलें पाणी मुळाच्या गाभ्याकडे सरकतें, आणि गाभ्याच्या वेशीवर त्याला एक पहारा लागतो. गाभ्याभोंवतीं पेशींचें एक कडें असतें. या पेशींच्या भिंतींना पाणी अडविणाऱ्या द्रव्याचा पट्टा असतो; तो कास्पारी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखला जातो. पट्ट्यामुळें पाण्याला पेशींच्या भिंतींतून चोरवाटेनें आंत जातां येत नाहीं. त्याला पेशींच्या पोटांतूनच जावें लागतें, आणि तेथें कोणता क्षार आंत घ्यावा व कोणता बाहेर ठेवावा याची निवड होते. मूळ म्हणजे नुसती दिव्याची वात नव्हे, ती निवड करणारी वाट आहे, असें म्हणावयाचें तें यासाठीं.

पहारा ओलांडलेलें पाणी गाभ्यांतील जलवाहिन्यांत शिरतें आणि ताटांतून वर चढतें. तें वर कोण चढवितें? मुळांचा रेटा थोडा असतो, पण मुख्य जोर पानांचा. पानांतून पाण्याची वाफ होते, तसतशी वाहिन्यांतील पाण्याची अखंड तार वर ओढली जाते. डब्लिन येथील डिक्सन आणि जोली यांनीं १८९४ सालीं ही उपपत्ति मांडली, आणि ती आजहि मानली जाते. या ओढीचा खर्च मात्र मोठा आहे. एक किलो सुका पाला, ताट व दाणा मिळून तयार व्हावयास ज्वारी सुमारें ३०० किलो पाणी हवेंत सोडते. गव्हाला त्याच कामासाठीं ५०० किलोंच्या आसपास पाणी लागतें. काटकसरी असलेल्या ज्वारीचीहि गरज इतकी आहे. मग पावसाळा संपल्यावर हें पाणी येतें कोठून?

येथें बेंबळीच्या काळ्या मातीचा गुण पुढें येतो. दख्खनच्या काळ्या पत्थरापासून झालेल्या या मातींत अतिशय बारीक चिकण कण असतात. पावसाळ्यांत ते पाणी पिऊन फुगतात, आणि जमीन एखाद्या तळघरांतील हौदासारखी भरते. एक मीटर खोल भारी जमिनींत पिकाला घेतां येईल असें दीडशें मिलिमीटरच्या आसपास पाणी राहतें. म्हणजे एका हेक्टरांत सुमारें १५ लाख लिटर. रब्बीच्या ज्वारीची सारी पुंजी ही एवढीच. वरून भर पडण्याची आशा थोडी. आणि हा हौद वरून खालीं आटत जातो: प्रथम वीतभर थर सुकतो, मग हातभर.

म्हणून ज्वारीच्या मुळांची एक शर्यत सुरू होते. ओल खालीं सरत असते, आणि मूळ तिच्या मागें जात असतें. चांगल्या जमिनींत ज्वारीचें मूळ दिवसाला दोन-तीन सेंटिमीटर खालीं उतरतें. कणीस बाहेर पडेपर्यंत तें दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहूनहि खोल पोंचलेलें असतें. कणसांत दाणा भरूं लागला कीं ताटाचें सारें अन्न दाण्याकडे जातें आणि मुळांची वाढ थांबत येते. तोंवर जेवढें खोल जातां आलें तेवढेंच. डिसेंबरांत वर कोरडें ढेकूळ आणि वर हिरवें पीक, या कोड्याचा उलगडा हा आहे. पीक डिसेंबरांत उभें असतें, पण तें पाणी पितें सप्टेंबरचें.

या शर्यतींत ज्वारीला मुळांचे दोन संच मिळालेले आहेत. पहिलें बियांतून निघालेलें मूळ. तें सरळ खालीं जातें आणि रोपाला पहिले कांहीं आठवडे जगवितें. दुसरा संच खोडाच्या जमिनीलगतच्या पेऱ्यांतून फुटतो. हीं मुळें संख्येनें पुष्कळ व जाड असतात, आणि ताटाला आधार व पाण्याचा मोठा वांटा देतात. पण तीं फुटतात वरच्या थरांत. तो थर अगोदरच कोरडा पडला असेल तर तीं मातींत शिरत नाहींत, आणि रोपाला बियांच्या एका मुळावर दिवस काढावे लागतात. असें ताट वाऱ्यानें सहज लोळतें.

कोळपणीचें महत्त्व येथें कळतें. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें शेतकरी म्हणतात. कोरडवाहू ज्वारीला साधारणतः तीन कोळपण्या द्याव्यात, असा सल्ला आहे: पहिली तिसऱ्या आठवड्यांत फटीच्या कोळप्यानें, दुसरी पांचव्या आठवड्यांत पासाच्या कोळप्यानें, आणि तिसरी आठव्या आठवड्यांत दातेरी कोळप्यानें. पहिल्या दोहोंत तण निघतें आणि वरची माती मोकळी होते. मोकळा थर खालच्या ओलीवर पांघरुणासारखा बसतो. तिसरीचा हेतु वेगळा असतो. तोंवर जमीन भेगाळूं लागलेली असते. भेग पडतांना तिच्या दोन कडांमधील मुळें ताणून तुटतात, आणि भेगेंतून खालची ओल वाफ होऊन जाते. दातेरी कोळपें मातीनें ही भेग बुजवितें. बैलांच्या मागें चालणारा माणूस वरवर तण काढतांना दिसतो. वस्तुतः तो मुळांची राखण करीत असतो.

मुळें जमिनींत एकटीं नसतात. ज्वारीच्या मुळांत एक प्रकारची उपकारक बुरशी वस्तीला येते. मुळें आणि बुरशी यांच्या अशा भागीदारीला जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यानें १८८५ सालीं नांव दिलें. बुरशीचे तंतु मूलरोमांच्याहि पलीकडे जाऊन स्फुरद आणून देतात, आणि मोबदल्यांत झाडाची साखर घेतात. या बुरशीला बोलावण्यासाठीं मूळ एक द्रव्य मातींत सोडतें, हें २००५ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें. पण त्याच जातीचें द्रव्य एका शत्रूलाहि जागें करतें, हें १९६६ पासून ठाऊक होतें. टारफुला हें तण ज्वारीच्या मुळांवर जगतें. त्याचें धुळीसारखें बी मातींत वर्षानुवर्षें निजून राहतें आणि यजमानाच्या मुळाची ही हांक आल्याखेरीज उगवत नाहीं. मित्राला घातलेली साद चोरानेंहि ऐकावी, तसा हा प्रकार आहे. पण साद घातल्यावांचून मुळाचें चालत नाहीं.

तूर आणि हरभरा यांच्या मुळांचे सोबती निराळे. या पिकांच्या सोटमुळांवर लहान गांठी येतात. त्यांत राहणारे जीवाणु हवेंतील नत्र पिकाला उपयोगी पडेल अशा रूपांत आणतात. हें रहस्य जर्मनींतील हेल्‌रीगेल यानें १८८६ सालीं उलगडलें. शहरांतील श्रोत्यांनाहि ह्या गांठी पाहतां येतील. हिंवाळ्यांत बाजारांत हरभऱ्याचे ढाळे मुळांसकट येतात. मूळ धुवून एखादी गांठ नखानें फोडली, तर जिवंत गांठ आंतून गुलाबी दिसते. ज्वारी आणि हरभरा यांचा फेरपालट करणाऱ्या शेतकऱ्याच्या अनुभवाला शास्त्राचा आधार मिळतो तो येथें.

मुळें हरलीं म्हणजे काय होतें, तेंहि वरच्या शिवारांत उशिरां दिसतें. दाणा भरावयाच्या वेळीं ओल संपली, तर मातींत असलेली एक बुरशी दुबळ्या मुळांवाटे ताटाच्या बुडख्यांत शिरते. आंतला गर कुजून नुसते धागे उरतात, ताट पोकळ होतें आणि उभें पीक कोलमडतें. शेतकरी या रोगाला खडखड्या म्हणतात. कणीस असतें, पण दाणा हलका; कडबा असतो, पण जनावराला नकोसा. चार महिन्यांच्या कष्टांवर शेवटच्या तीन आठवड्यांत पाणी पडतें, आणि ज्या घरांत वर्षाची भाकरी व गुरांचें वैरण त्याच पिकावर अवलंबून असतें, तेथें हा केवळ वनस्पतिशास्त्राचा विषय राहत नाहीं.

कोरडवाहू पिकांचा शास्त्रीय अभ्यास याच भागाच्या शेजारीं झाला. धाराशिव निजामाच्या राज्यांत आणि सोलापूर मुंबई इलाख्यांत होतें, त्या काळीं, १९३३ सालीं, सोलापूरला कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें; ना. वि. कानिटकर यांचें कार्य तेथें झालें. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें स्थानिक मालदांडी ज्वारींतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण त्याच दशकांतला, आणि आजहि तो रब्बींत पेरला जातो. त्याआधींच अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्यानें जवसाच्या वाणांची तुलना करून एक मार्मिक गोष्ट नोंदविली होती. काळ्या जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या पिकलेल्या वाणांचीं मुळें खोल जाणारीं, आणि गंगेच्या गाळाच्या जमिनींतील वाणांचीं उथळ पसरणारीं. म्हणजे माती आणि मूळ यांचा मेळ एका हंगामाचा नसून पिढ्यांचा असतो.

परंतु मूळ कितीहि गुणी असलें, तरी तें मातीच्या तळाच्या पलीकडे जाऊं शकत नाहीं. बालाघाटाच्या पठारावर सखल भागांत माती खोल असते. माळाकडे ती हातभर, पुढें वीतभर होते, आणि खालीं मुरूम लागतो. वीतभर मातींत मालदांडीचें मूळ काय करील? म्हणून जमिनीची खोली हीच रब्बी पिकाची खरी मालमत्ता. वर दिलेल्या हिशेबानें एका हेक्टरावरून एक सेंटिमीटर माती वाहून गेली, तर सुमारें १५,००० लिटर पाण्याची सांठवण दरवर्षींसाठीं गेली. ती माती पुन्हां तयार व्हावयास शतकें लागतात. वाहून जावयास उताराच्या उघड्या शेतांत जोराचे कांहीं पाऊस पुरतात. आज जिल्ह्यांत खरिपांत सोयाबीन पुष्कळ पेरलें जातें, आणि त्यामागून कित्येक शेतांत हरभरा येतो. पीक बदललें, तरी हिशेब बदलत नाहीं. बांध नीट ठेवणें, उताराला आडवी पेरणी करणें, पालापाचोळा जमिनीवर राहूं देणें हीं सारीं कामें मुळांसाठीं जागा राखण्याचींच आहेत.

फेब्रुवारी-मार्चांत ज्वारी काढणीला येते. या भागांत पुष्कळ शेतांत ती कापीत नाहींत, उपटतात. दोन्ही हातांनीं ताटें धरून मजूर हिसका देतो, आणि बुडख्याची माती पायावर आपटून झाडतो. त्याच्या हातांत येतो तो मुळांचा ओंजळभर झुबका. उरलेलीं मुळें, ज्यांनीं मीटर-दीड मीटर खालीं जाऊन सप्टेंबरचें पाणी जानेवारीपर्यंत पुरविलें, तीं जमिनींतच राहतात. तेथें तीं कुजतात, मातीला कस देतात, आणि त्यांच्या कांहीं वाटा मोकळ्या राहतात. जूनचा पहिला पाऊस त्या वाटांनीं खालीं उतरतो. भाकरीच्या पिठांत मुळांचा अंश नसतो. पण भाकरी ताटांत येते ती त्यांच्याच जोरावर.